जमुनाबाईंची तीस रुपयांची सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माझ्या पाकिटावर पिवळ्या अक्षरांत ‘जमुना हिट्स, सोळा सदाबहार गाणी’ असं छापलंय आणि खाली ‘फक्त तीस रुपये’. त्यातला ‘फक्त’ हा शब्द जमुनाबाईंच्या नावापेक्षा मोठा आहे. आपली कहाणी सांगणारे सहसा आपल्या कर्तबगारीपासून सुरुवात करतात. माझ्याकडे तसं काही नाही. माझ्यामुळे एका बाईला तिच्याच माहेरच्या मांडवात मान खाली घालून बसावं लागलं. ते सांगताना मला अजून लाज वाटते, पण तरी सांगते.

जमुनाबाई मूळच्या धाकटी डहाणू गावच्या, खाडीकाठच्या मच्छीमाराच्या घरातल्या. विशीत त्या गाव सोडून गेल्या, लग्नांत बेंजो वाजवणाऱ्या एका माणसाशी त्यांनी संसार मांडला आणि गावाकडची हळदीची, दर्याची गाणी बेंजो-ढोलकीवर बसवून त्या गाऊ लागल्या. एके काळी डहाणूपासून उंबरगावपर्यंत त्यांच्या कॅसेटी वाजत. त्यांच्या गाण्याशिवाय वरातीचा पाय उचलत नसे. पुढे कॅसेटींचे दिवस सरले आणि जमुनाबाई नवऱ्याबरोबर विरारच्या दोन खोल्यांत राहू लागल्या.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं हळदीचं. ते त्यांनी गावातल्या बायकांच्याच तोंडून उचललं होतं. त्यात पुढे बसून गाणं सांगणारी बाई विचारते, ‘पहिली हळद गो कोणाच्या हाताची?’ आणि थांबते. मग मांडवातल्या बायका त्या घरातलं नाव घेऊन ओळ झेलतात. पहिलं नाव आईचं, मग मावशीचं, मग काकीचं, असं करत सगळं गणगोत गाण्यात येतं. नावं घरागणिक वेगळी असतात, म्हणून जमुनाबाईंनी कॅसेटमध्ये प्रत्येक प्रश्नापुढे जागा मोकळी ठेवली होती. तेवढा वेळ ढोलकीसुद्धा गप्प बसायची. कुठल्याही घरी ती कॅसेट लागली, की त्या जागेत त्या घरच्या बायका गात.

माझा जन्म २०१५ सालचा. एका औद्योगिक गाळ्यात बसलेल्या माणसाकडे जुन्या कॅसेटी आल्या होत्या आणि एका चकतीत सोळा गाणी कोंबायची होती. त्याला संगणकाच्या पडद्यावर गाण्यात मध्येमध्ये सपाट रेघ दिसली. त्याने ती सगळी मोकळी जागा कापून टाकली. आता जमुनाबाई पहिल्या हळदीचं विचारतात न विचारतात तोच दुसऱ्या हळदीचं विचारू लागल्या. सोळा गाणी बरोबर मावली. मला त्याचं काय कौतुक वाटलं म्हणून सांगू! आपण किती भरगच्च आहोत, शेजारच्या भजनांच्या सीडीत तर जेमतेम आठच आहेत, असा माझा तोरा होता. कापलेल्या जागेत काय मावत होतं, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तलासरी नाक्यावरच्या एका हातगाडीवरून मला भाविकने उचललं. भाविक म्हणजे जमुनाबाईंच्या भावाचा, नारूचा मुलगा. तो टेम्पोतून सुके बोंबील आणि जवळा घेऊन उधव्याच्या आठवडी बाजाराला जाई. ‘आपली आत्या हाय ही!’ असं तो हातगाडीवाल्याला दोनदा म्हणाला. हातगाडीवाल्याने तरीही एक रुपया कमी केला नाही.

टेम्पोत माझे दिवस मजेत गेले. बाजारात भाविक दार उघडं ठेवून मला मोठ्याने लावायचा आणि गिऱ्हाईक गोळा व्हायचं. माझ्यामुळेच त्याचे बोंबील खपतात, अशी माझी समजूत होती. एकदा शेजारी भाजी घेऊन बसणारी वेवजी गावची बुधी बराच वेळ ऐकत बसली आणि म्हणाली, ‘ही बाई एवढी धावत का गाते रे? मागं कुत्रं लागलंय काय तिच्या?’ भाविक हसला. मला तिचा राग आला. या बाईला गाण्यातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. खरं तर मला ऐकून जिने काही तरी ओळखलं, अशी ती पहिलीच बाई होती.

मग २०१८ च्या मे महिन्यात भाविकच्या बहिणीचं, रुपलचं लग्न ठरलं. नवरा झाई गावचा, स्वतःची बोट असलेला. रुपलची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. रुपलने वडिलांना एकच गोष्ट मागितली. माझ्या हळदीला आत्याने गावं.

नारूची बहिणीला गायला बोलवायची इच्छा होती, पण गावात हळदीची गाणी मोंगीबाय गात. तीस वर्षं त्यांच्याशिवाय एक हळद झाली नव्हती. आता त्यांचा दम लवकर संपे, हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाटासमोर बसवणं बरं दिसलं नसतं. नारू चाचरत त्यांच्याकडे गेला. मोंगीबाय मनाने खोट्या नव्हत्या.

‘गाऊ दे की,’ त्या म्हणाल्या. ‘माझी कुठं ना हाय? पण तिला गाव सोडून चाळीस वर्षं झाली. पोरीला आय नाय, तिची हळद तरी नीट व्हायला पायजे. आता कशी गाते ती, ऐकू तरी द्या.’

आणि ऐकवायला हाताशी कोण होतं? मी! माझ्यात जुन्याच कॅसेटींतली गाणी भरलीत, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नारूच्या ओट्यावर सात-आठ बायका जवळा निवडत बसल्या होत्या. भाविकने टेम्पो दाराशी आणून लावला आणि मला आत सरकवलं. रुपल उंबऱ्यात उभी होती. मित्रांनो, त्या पोरीच्या तोंडावर इतका विश्वास होता, की तो आठवला तरी मला माझी चमक नकोशी होते.

हळदीचं गाणं लागलं. ‘पहिली हळद गो कोणाच्या हाताची?’ जमुनाबाईंनी विचारलं. ओट्यावरच्या बायकांनी सवयीने झेलायला तोंड उघडलं, तोवर जमुनाबाई दुसऱ्या हळदीवर पोचल्या होत्या. बायका अडखळल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. भाविकने गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला कुणी तोंड उघडलं नाही. नुसतं गाणं धावत राहिलं.

‘जुन्या कॅसेटीत थांबायची. आता इचारते आणि थांबत नाय,’ एक जण म्हणाली.

‘मोठी झाली ना. आपल्यासाठी कशाला थांबंल?’ दुसरी म्हणाली.

मोंगीबायनी हातातलं सूप खाली ठेवलं. ‘आवाज गोड हाय अजून,’ त्या म्हणाल्या. ‘पण गाणं इसरली ती. हे आपलं गाणं नाय. बंद कर रे भाविक.’

मी ओरडून सांगायला हवं होतं, की अहो, ती थांबली होती! तिला मी धावायला लावलं! पण माझ्यावर जे कोरलंय त्यापलीकडे मला एक शब्द बोलता येत नाही. ज्या भरगच्चपणाचा मला तोरा होता, त्यानेच त्या बाईचा घात केला होता. भाविकने मला बाहेर काढलं तेव्हा मी ऊन लागून चमकत होते, आणि त्या क्षणी गंजावं असं मला वाटलं. पण सीडीला तेही जमत नाही.

संध्याकाळी टेम्पोतच बसून रुपलने आत्याला फोन लावला. फोनचा आवाज मोठा असल्याने मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

‘आत्या, तू ये. हळदीच्या आदल्या दिवशीच ये. पण गाणं… मोंगीबाय गातील. त्या म्हणाल्या…’



‘त्यांनी ती सीडी ऐकली काय गो?’ जमुनाबाईंनी विचारलं.

‘हो.’

‘बरं. मी येते. तू रडू नको. डोळे सुजतील, फोटो चांगले नाय येणार.’

हळदीच्या दिवशी दुपारी जमुनाबाई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या पाकिटावरचा फोटो तीस वर्षं जुना आहे, त्यामुळे मी आधी त्यांना ओळखलंच नाही. निळी साडी नेसलेली, पांढऱ्या केसांची ती बाई कुणाच्या नजरेला नजर न देता सगळ्यांत मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसली. टेम्पो मांडवाला चिकटून उभा होता, म्हणून मला सगळं दिसत होतं.

रुपल पाटावर बसली. मोंगीबायनी गाणं धरलं. ‘पहिली हळद गो कोणाच्या हाताची?’

आणि त्या थांबल्या. बायका मात्र गप्प राहिल्या. पहिलं नाव आईचं, आणि रुपलची आई नव्हती. कुणाचं नाव घ्यावं हे आधी ठरवायचं राहून गेलं होतं. रीत अशी, की नाव आल्याशिवाय गाणं पुढे जात नाही, पुढच्या बाईने पुन्हा विचारायचं. मोंगीबायनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ओळ अर्ध्यात तुटली. रुपलने पाटावर बसल्या बसल्या तोंड ओंजळीत झाकलं.

तेव्हा मागून, पिंपाशेजारून ती ओळ आली. ‘पहिली हळद गो कोणाच्या हाताची?’

हळू, घाई न करता. आणि जमुनाबाई थांबल्या. सगळ्या बायका वळून बघू लागल्या तरी त्या थांबलेल्याच होत्या. मोंगीबाय थांबत, त्याच्या दुप्पट वेळ त्या थांबल्या असतील. माझ्यातून जे कापलं होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते मोकळं मुळीच नव्हतं. त्यात एक अख्खा मांडव श्वास धरून बसलेला होता.

मोंगीबायनी खोकला आवरला. ‘जमने,’ त्या म्हणाल्या, ‘थांबतेस की गो तू! मंग त्या तबकडीत का नाय थांबलीस?’

आता ही बाई त्या गाळ्यातल्या माणसाचं नाव सांगेल, अशी मी वाट पाहत होते. ओट्यावरच्या त्या दिवसापासून मीही मनातल्या मनात त्यालाच दोष देत होते. पण जमुनाबाईंनी मान खाली घातली.

‘त्यानं फोन केलेला मला,’ त्या म्हणाल्या. ‘बाई, मधे मोकळं हाय, कापू काय, म्हणून इचारलं. मी म्हटलं, काप. माझीच चूक. मला वाटलं, आता कोण बसलंय झेलायला?’

 मोंगीबाय जमुनाबाईंकडे वळल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘आम्ही बसलो होतो ना गो.’

 मोंगीबायचीही मान खाली गेली. ‘आणि आम्ही तरी काय केलं?’ त्या म्हणाल्या. ‘विरार काय लांब हाय? एक फोन करून तुला गायला लावायला काय होत होतं? त्या तबकडीला इचारत बसलो.’ मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली. ‘ये, पुढं ये. इचार परत.’

जमुनाबाई पुढे आल्या, बसल्या आणि त्यांनी विचारलं. या वेळी मोंगीबायनी जराही वेळ न घालवता नाव घेतलं, ‘जमुनाच्या हाताची!’ आणि साऱ्या बायकांनी ते झेललं. जमुनाबाई हळदीची वाटी हातात घेऊन नुसत्याच बसून राहिल्या. शेवटी रुपलनेच त्यांचं मनगट धरून आपल्या गालाला लावलं.

त्यानंतर भाविकच्या टेम्पोत पेन ड्राइव्ह आला आणि मी दस्तऐवजांच्या खणात जाऊन पडले. तिथून रुपलने मला मागून घेतलं आणि झाईला नेलं. ‘आत्याचा आवाज हाय,’ एवढंच ती म्हणाली. आता २०१९ साल उजाडलंय. तिच्या घरी एक जुना प्लेअर आहे, त्यावर ती मला अधूनमधून लावते. मी अजून तशीच धावते. मला थांबता येत नाही आणि ते कधी येणारही नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. माझ्यासारख्या स्वस्त चकतीवरून कुणाच्या गळ्याचा किंवा मनाचा निकाल लावू नका. माणूस हयात असेल तर त्याला घरी बोलवा, समोर बसवा आणि मग ऐका. आणि मला कधी लावलंतच, तर रुपल करते तसं करा. जमुनाबाईंनी विचारलं, की बटण दाबून मला गप्प करा आणि तुमच्या घरातलं नाव घ्या.