मास्तरांचा गंधार

तालमीच्या पहिल्या दिवशी राजपुऱ्यातल्या खोलीत दोन सारंग्या, चार व्हायोलिनं, तीन बासऱ्या, एक क्लॅरिनेट, तबल्याची एक जोडी आणि दिगंबर मास्तरांचा पायांनी भाता चालवायचा ऑर्गन होता. एकूण बारा वाद्यं. मास्तरांच्या बंद पडलेल्या नाटक कंपनीतल्या एका संगीत नाटकाच्या पाच पदांवरून मी वाद्यवृंदासाठी नवी रचना लिहिली होती. छप्पन सालच्या राज्यपुनर्रचनेत एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार होतं. त्या समारंभात ती वाजवायची होती.

ऑर्गनचा मधला गंधार इतरांशी जुळेना. मास्तर बाहेर गेले होते.

“अनंतभाऊ, हा सूर लंगडतो ना,” नेपानगरचा क्लॅरिनेटवाला कौतिक म्हणाला. “त्याले एखादी काठी द्या.”

सगळे हसले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, गंधाराच्या तीनशे वीस कंपनांचा नादकाटा माझ्याकडे होता. दोन सूर जवळजवळ सारखे असले की एकत्र वाजताना आवाज हेलकावतो; जितका फरक जास्त, तितके हेलकावे जास्त. हेलकावे थांबेपर्यंत मी सूर चढवायला त्या गंधाराची पितळी पत्ती टोकाशी घासली.

दुसऱ्या दिवशी मास्तर तिसरं पद वाजवता वाजवता थांबले.

“गंधाराला कोणी हात लावला?”

“मी. उतरला होता, मास्तर.”

“उतरला नव्हता. मी उतरवला होता. गजाननासाठी.”

गजानन कंपनीत नायिकेची पदं गायचा. त्याचा गंधार अंमळ खाली लागे, म्हणून मास्तरांनी पत्तीच त्याच्या गळ्याला जुळवून घेतली होती.

“त्याच्या गाण्याची तबकडी निघाली नाही रे. एवढाच सूर उरला होता त्याचा,” मास्तर म्हणाले. मग जरा आशेनं, “किती खाली होता, लिहिलं असशील ना? तू तर चहाच्या उकळ्यासुद्धा लिहून ठेवतोस.”

मी वही उघडली. तारीख होती, खोलीचं तापमान होतं, नादकाट्याचा क्रमांक होता. घासण्यापूर्वीचे हेलकावे मी मोजलेच नव्हते. चूकच समजलो होतो, मग तिची नोंद कशाला घेणार!

मी पत्ती काढली आणि सूर उतरवायला बुडाशी घासू लागलो. मास्तर पट्टी दाबून ऐकत.

“अजून खाली.”

पुन्हा काढली, घासली, बसवली.

“थोडं अजून… थांब.”

“हाच का?”

मास्तरांनी पट्टी बराच वेळ दाबून ठेवली.

“असेल. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन.”

मी कानस खाली ठेवली.

“आता तरी मोज, बाबा,” ते म्हणाले.

मी नादकाटा वाजवला आणि घड्याळ समोर धरलं. दहा सेकंदांत अठरा हेलकावे.