पंधरा सेकंद दाबून धरायचं

तिला कामावर सगळे फटाफट म्हणायचे. मोटरहोम, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्या, भाड्याने देणाऱ्या त्या गॅरेजात गाडी गिऱ्हाइकाला समजावून ताब्यात द्यायचं काम तिचं. बाकीचे त्याला पाऊण तास घेणार आणि ही वीस मिनिटांत मोकळी! पाण्याची टाकी इथे, संडासची टाकी तिथे, ही शेगडी, हा पलंग, सही करा, चला. मालक खूश, आणि ही तर काय, हवेतच.

आता त्या गाडीतला फ्रिज म्हणजे एक प्रकरण असतं बरं का. तो विजेवर चालतो आणि गॅसवरही. आवारात असेपर्यंत भिंतीतल्या प्लगवर. वायर काढून कुठे माळावर जाऊन थांबलात की गॅसवर घ्यायचा. आणि ते काही नुसतं बटण फिरवून होत नाही. फिरवायचं, आत दाबायचं, दुसऱ्या हाताने टिकटिक ठिणगी पाडायची, गुडघे टेकून खालच्या काचेतून निळी ज्योत बघायची, आणि ती दिसली तरी बटण सोडायचं नाही, पंधरा सेकंद दाबून धरायचं. आधी सोडलं की ज्योत गुल. सिलिंडर नवा असेल तर नळीत हवा, मग चार-चारदा तेच. हे गिऱ्हाइकाकडून एकदा करून घ्यायचंच, असा नियम होता.

त्या सकाळी पाच गाड्या निघायच्या होत्या. तिसऱ्या गाडीचे काका आणि मावशी, दोघंही सत्तरीच्या आसपास. मावशी वही घेऊन आलेल्या, शब्द न् शब्द लिहून घेत होत्या, आणि हिचा जीव नुसता वरखाली. शेवटी हिने फ्रिज उघडला, रात्रभर विजेवर होता म्हणून मस्त गार लागला, "बघा, चालू आहे" म्हणाली, दार लावलं, आणि कागदावर 'फ्रिज गॅसवर दाखवला' ह्या ओळीपुढे खूण करून टाकली. मावशींनी विश्वासाने सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन. फ्रिज गॅसवर घेतला तर गारच होत नाहीये, काय करू? मालक नेमका हिच्या खांद्यामागे उभा. आणि ही काय बोलली माहितीये?

"मावशी, दाखवलं होतं ना मी तुम्हाला? तसंच करा."

पलीकडून हळूच, "हो का गं? दाखवलं असशील." आणि फोन बंद.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. दूध नासलेलं, डबे फसफसलेले, दार उघडलं तर वासाने डोकं फिरलं. काका बाहेर मालकाशी बोलत होते. ही पुसायला आत गेली तर मावशी तिथेच, वही उघडून बसलेल्या. आधी त्यांनी हिचीच माफी मागितली, तुला घाण काढावी लागते म्हणून. मग वही पुढे केली.

"बघ, पाण्याचं लिहिलंय, संडासचं लिहिलंय. फ्रिजचं एक अक्षर नाही. तू दाखवलंस, मी सही केली, आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं गं. शेवटी मला ताई म्हणायची. हे आता डॉक्टरांची वेळ घेतायत."

हिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कानांपासून मानेपर्यंत सगळं तापलं. तोंड उघडलं तर आधी 'मावशी, तो वास' एवढंच आलं. मग एकदाचं निघालं, की मी दाखवलंच नव्हतं, घाई होती, खूण खोटी केली.

मावशींनी वही मिटली. परत उघडली. "म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तेच म्हणाल्या, अगदी स्वतःशी. ओरडा खायची तयारी हिने मनात केली होती, पण त्या हिच्याकडे बघेचनात. तेच जास्त लागलं.

"मला नको सांगू आता," त्या म्हणाल्या. "बाहेर जा. त्यांना सांग."

बाहेर काकांच्या कानाला फोन, शेजारी मालक, हातात तो सहीचा कागद. हिने खाली मान घालून सांगितलं. चूक माझी, मावशींची नाही. काकांनी फोन कानावरून खाली घेतला. मालकाने कागद उलटसुलट केला. ही तोंड लपवून निघणार, तेवढ्यात गाडीच्या पायरीवरून मावशींचा आवाज आला.

"फोनचं राहिलं. मी विचारलं तेव्हा काय म्हणालीस, तेही सांग."

खूण घाईत झाली, असं म्हणता आलं होतं. फोनवर कसली घाई होती? ती मालकाकडे बघेना, काकांकडे बघेना. मावशी पायरीवर उभ्याच राहिल्या, आणि ऐकल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या.

"मी म्हणाले," ती बोलायला लागली, "की दाखवलं होतं ना मी तुम्हाला, तसंच करा."