न दुखणारे पाय

मेहनाज सिस्टरनं नायलॉनचा ताठ धागा बलभीमच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला, वाकेपर्यंत दाबला आणि उचलला. बलभीम डोळे मिटून बसला होता.

"मामा, लागलं की 'लागलं' म्हणा."

"आधी लावा तर."

तिचं लावून झालं होतं. एकेका तळव्यावरच्या दहा जागांपैकी तो दोन-तीन जागीच बोलला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, एकदा त्याला कोपरानं ढोसलंसुद्धा. सिस्टरनं तिला डोळ्यांनीच दटावलं. तेर गावच्या शाळेच्या वऱ्हांड्यात शुगरवाल्यांचे पाय तपासणं चालू होतं आणि मागं अजून वीसेक माणसं होती.

"तुमच्या पायाला जखम व्हायचा धोका लई हाय, मामा. आता अनवाणी पाऊल टाकायचं न्हाय. घरातसुदिक न्हाय."

बलभीम हसला. साठी उलटली तरी गडी लाथ मारीन तिथं पाणी काढीन या तोऱ्यातला. सात वर्षांपूर्वी धुरपदाबाईच्या पोटातली गाठ काढली, ती धडपणी घरी आली, तेव्हापासून नवसापोटी तो दर नवरात्रात तुळजापूरला अनवाणी चालत जायचा.

"पहिल्या साली पाय रक्ताळले होते, सिस्टर. आता दोन वर्षं झाली, डांबर तापू दे, खडे असू दे, कायबी लागत न्हाय. आई वरच्यावर झेलती. लोक पाया पडतेत माझ्या."

मेहनाजला त्याचं वाईट वाटलं. पण सांगणं भाग होतं.

"लागत न्हाय, हाच तर रोग हाय, मामा. शुगरनं पाय बधिर झालेत. काच घुसली तरी कळायचं न्हाय. कळंस्तोवर बोटं जातेत."

बलभीमनं पाय मांडीवर घेतला आणि तळवा निरखत राहिला. तोरा पार उतरला होता.

"मग दोन वर्षं म्या फुकटच चाललो म्हणायचं," तो म्हणाला. "दुखलंच न्हाय, तर नवस कसला?"

धुरपदाबाईनं चपला काढल्या आणि पाय सिस्टरपुढं केले.

"माझे बघ."

"मावशी, तुम्हाला शुगर न्हाय."

"नसंना का. लाव."

तिनं डोळे मिटले. धागा टेकला, की ती बोलायची. लागलं. लागलं. दहाच्या दहा जागी, दोन्ही पायांना.

"यंदा अनवाणी म्या चालते," डोळे उघडून ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही बूट घालून संगं चला. दुखलं, की सांगत जाईन तुम्हाला."