झोपताना लावणे

कापड अडकलं आणि तिने श्वास रोखला.

तपासणीच्या लांब टेबलावरून मलमलीचा ताका हळूहळू पुढे सरकत होता. खालच्या काचेतून दिव्याचा उजेड वर येत होता. त्या पाण्यासारख्या कापडातला एक धागा तिच्या मधल्या बोटाच्या भेगेत अडकून वर ओढला गेला होता. तिने पायाने पट्टा थांबवला आणि धागा सोडवायला डावा हात पुढे केला. डाव्या हाताचीही तीच गत. एकाचे दोन धागे झाले.

“राहू द्या ताई. मी सोडवतो,” मागून खातेप्रमुख म्हणाले. त्यांनी चिमटीत धरून दोन्ही धागे अलगद मोकळे केले. “आजची ही तिसरी वेळ.”

“थंडीने उलतात हो हात.”

“थंडी जाऊन दोन महिने झाले.”

सोळा वर्षं ती या टेबलाशी उभी होती. बाकीच्या जणी डोळ्यांनी कापड तपासायच्या, ही बोटांनी. सरकत्या ताक्यावर दोन्ही पंजे नुसते ठेवायची आणि मध्येच म्हणायची, “थांबवा. इथे गाठ आहे.” आणि गाठ असायची. खात्यात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची ‘बोटंवाली’. नव्या आलेल्या मुलींना तिच्या टेबलाशी आणून दाखवायचे, जसं काही ती एक मशीनच.

तीच बोटं गेल्या आठ महिन्यांत खरखरीत लाकडासारखी झाली होती. आधी खाज, मग खपल्या, मग भेगा. हातमोजे घालून बघितले, तर हात वाचले पण कापड मुकं झालं.

“महिनाअखेरीला तान्ह्या बाळांच्या कापडाची मोठी ऑर्डर चालू होतेय,” खातेप्रमुख म्हणाले. त्यांना हे बोलणं जड जात होतं, म्हणून ते कापडाकडे बघून बोलत होते. “तोवर हात बरे झाले तर टेबल तुमचंच. नाही तर पॅकिंगला जावं लागेल. पगाराला धक्का नाही, ते मी बघून घेतलंय.”

“पॅकिंगला बोटं कुठे लागतात साहेब? तिथे दंड लागतात.”

“म्हणून तर म्हणतोय.”

त्यांच्या शर्टाच्या खिशातून बदलीच्या चिठ्ठीचा कोपरा डोकावत होता. नाव घातलेलं होतं, तारीख तेवढी घालायची राहिली होती.

त्याच संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मलम दिलं होतं. त्यांनी हात उलटेपालटे करून बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काहीच फरक नाही? ट्यूब संपली का?”

तिने पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. गुबगुबीत, भरलेली. तोंडावरची चकतीसुद्धा फोडलेली नव्हती.

“अहो, ही तर तशीच आहे.”

“तुम्हीच चिठ्ठीवर लिहिलंत ना, झोपताना लावणे.”

“मग?”

“मी झोपतच नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे रात्रभर टक्क जागी असते असं नाही,” ती घाईघाईने म्हणाली. “डोळा लागतो माझा. कधी भिंतीला टेकून, कधी ओट्याशी स्टुलावर. एकदा तर कांदा चिरता चिरता लागला. पण आता आपण झोपायचं, असं ठरवून अंथरुणावर पडायचं, ते काही जमत नाही. त्यामुळे झोपतानाची वेळच येत नाही. रोज ट्यूब जवळ ठेवते, वाट बघते, आणि एकदम सकाळच होते.”

बाईंना आधी हसू आलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते ओसरलं. त्यांनी एकेक विचारत सगळं काढून घेतलं. नवरा बसचा ड्रायव्हर. आठ महिन्यांपासून दुपारपाळी, घरी यायला साडेअकरा. त्याला गरम वाढायचं म्हणून ही जागी. सासऱ्यांचा जन्म रात्रीच्या पहाऱ्यात गेला, ते निवृत्त झाले तरी रात्री झोपत नाहीत आणि अकराला त्यांना चहा लागतो. मग भांडी, कढत पाणी, साबण. पहाटे साडेचारला मुलीच्या डब्याची तयारी.

“खाज कधी जास्त येते?”

“डोळा लागला की. सकाळी नखांत रक्त असतं, उशीवर ठिपके.”

“मला एक सांगा, तुमच्या कारखान्यात मशीनचं तेलपाणी कधी करतात?”

“सुट्टीच्या दिवशी. बंद असतं तेव्हा.”

“चालू मशीनचं का नाही करत?”

“हात जाईल की माणसाचा.”

“कातडीचंही तसंच असतं. दिवसभर ती झिजते. रात्री आपण वेळेवर आडवे झालो, सलग झोपलो, की ती आपली डागडुजी करते. अपुऱ्या झोपेने खाज वाढते, खाजेने झोप मोडते, आणि तुमचं तर मशीन बंदच होत नाही. एकटं मलम काय करणार?” त्यांनी नवी चिठ्ठी ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. “दहा वाजता झोपायचं. रोज. त्याआधी मलम, वर मऊ सुती मोजे. भांड्यांना रबरी मोजे घालायचे, पाणी कोमट. आणि यातलं झोपणं हे पहिलं औषध, तेच चुकवायचं नाही.”

तिने चिठ्ठी घेतली. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती जरा रेंगाळली.

“आणि तुम्ही हो?”

“माझं बाळ अकरा महिन्यांचं आहे,” बाई म्हणाल्या. “मला विचारू नका.”

घरात चौघंही जागी असण्याची वेळ एकच, सकाळच्या चहाची. तिने चिठ्ठी वाचून दाखवली. वाचताना तिलाच चोरट्यासारखं वाटत होतं.

“झोपायला डॉक्टरची चिठ्ठी लागते, हे नवीनच ऐकतोय,” सासरे म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणत.

“चेष्टा नाही आबा. हात नाही सुधारले तर टेबल जाईल माझं.”

“तू माझ्यासाठी जागी राहा असं मी कधी म्हटलं?” नवरा म्हणाला.

“नको राहू असंही कधी म्हणाला नाहीत.”

बशीतला चहा त्याने फार लक्षपूर्वक संपवला.

“मी बाबांचं ताट झाकून ठेवत जाईन,” बारा वर्षांची मुलगी म्हणाली. “पण आबांचा चहा?”

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी चष्मा लावून चिठ्ठी हातात घेतली, अक्षर न् अक्षर वाचली, मग मागची कोरी बाजूही वाचली. नंतर सुनेला म्हणाले, “हात बघू.” आठ महिने ते तिच्या हातून चहाचा कप घेत होते. हात आज बघितले.

“अठ्ठावीस वर्षं पहारा केला मी,” ते सावकाश म्हणाले. “ट्रक राखले, यंत्रं राखली. एक गोदाम तर सहा महिने राखलं, आत काहीच नाही हे माहीत असून. एका रात्रीला कधी डोळा लागला नाही. झोप राखायचं काम मात्र कुणी दिलं नाही कधी.” चिठ्ठी घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. “राखतो.”

त्या रात्री दहाला तिने मलम लावलं, मोजे चढवले आणि अंथरुणावर पडली. झोप येईल तर शपथ. छताकडे बघत राहिली. वीस मिनिटांत उठून दार उघडलं, तर दाराला आडवी खुर्ची आणि खुर्चीवर आबा, मांडीवर काठी.

“कुठे?”

“दूध झाकायचं राहिलं.”

“झाकलंय.”

“गॅस—”

“बंद आहे. आत.”

चार दिवस असेच गेले. पडल्या पडल्या तिला भलतंच अपराधी वाटे, आपण कुणाचं तरी चोरून खातोय असं. पण आबा काही बधणारे नव्हते. दहाला पाच कमी असताना काठी जमिनीवर दोनदा आपटायची, की ही निघालीच.

पाचव्या सकाळी ती उठून बाहेर आली, तर मुलगी फिदीफिदी हसत होती.

“आई, काल आबांनी बाबांना दारातच अडवलं.”

“म्हणजे?”

“मी पाणी प्यायला उठले होते ना, बघितलं मी. आबा म्हणाले, पास दाखव. बाबा म्हणाले, अहो, मी तुमचा मुलगा. आबा म्हणाले, सगळे असंच सांगतात. शेवटी बाबांनी बिल्ला दाखवला, ड्रायव्हरचा.”

“आणि जेवण?”

“आबांनी वाढलं. गारढोण. बाबांनी सगळं खाल्लं आणि आपलं ताट आपण घासलं. मग आबांनी स्वतः चहा केला, त्यात साखर विसरले, आणि दोघांनी तोही प्यायला.”

“एवढं सगळं झालं आणि मला कसं काही ऐकू आलं नाही?”

“तू झोपली होतीस आई.”

ती मोजे काढता काढता थांबली. झोपली होतीस. किती साधा शब्द. तिने उशी उचलून उजेडात धरली. अभ्र्यावर एकही ठिपका नव्हता.

मग दिवस पळायला लागले. ट्यूब खालून चपटी होत गेली, तसतशा खपल्या सुटत गेल्या आणि आतून कोवळी, गुलाबी कातडी वर आली. नवरा गार भाजीला नावं ठेवेनासा झाला, उलट ड्रायव्हरांच्या खोलीत ‘मी माझं ताट घासतो’ असं न विचारता सांगायला लागला. तिसऱ्या आठवड्यात केस विंचरताना तिच्या लक्षात आलं, की केस बोटांना अडकत नाहीत.

महिनाअखेरीला ऑर्डर सुरू झाली. टेबलाच्या टोकाला नवं कॅमेरा मशीन बसवलं होतं. ताका आधी मशीनखालून जायचा, दोष दिसला तर लाल दिवा लागायचा. पहिला ताका हिरव्या दिव्याने बाहेर आला. खातेप्रमुख हाताची घडी घालून तिच्या मागे उभे राहिले. चिठ्ठी अजून खिशात होती.

तिने पंजे कापडावर ठेवले आणि डोळे मिटले.

कापड सरकायला लागलं. काही अडकलं नाही. सोळा वर्षांची जुनी ओळख पटावी तसं ते तळव्यांखालून वाहत होतं. दहा मीटर, वीस मीटर. शेजारच्या जणींनी आपापले पट्टे थांबवलेले तिला कळत होते, कारण खातं शांत झालं होतं. आणि मध्येच, उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटाखाली, काहीतरी बोचलं. केसाएवढं.

“थांबवा. इथे आहे.”

खातेप्रमुख वाकले. “काही दिसत नाही, ताई. मशीननेही पास केलाय.”

“मलाही दिसत नाही. पण आहे. कडक आहे.”

भिंग आणलं. तरी बराच वेळ गेला. शेवटी चिमट्याने उपसल्यावर तो निघाला, प्लास्टिकच्या पोत्याचा एक पांढरा तंतू, पांढऱ्या धाग्यात विणून गेलेला. त्यांनी तो आपल्या मनगटावर घासला. तांबडी रेघ उठली.

“बाळाच्या मानेखाली आला असता हा,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. तंतू सुताबरोबर आला होता, म्हणजे त्या सुताचे सगळे ताके तपासायचे. नंबर टिपायला त्यांनी खिसे चाचपले, कागद सापडेना. मग बदलीची ती चिठ्ठीच काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ताका क्रमांक एक. खाली रेघ मारली.

“चला बोटंवाल्या बाई, दुसरा ताका घ्या,” ते म्हणाले. “मशीन थांबू द्या जरा. त्याला तुमच्याकडून शिकायचंय.”

त्या दिवशी अकरा ताके बाजूला निघाले, ते सगळे तिच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आपणहून जाग आली, पुरेशी झोप झालेल्या माणसाला येते तशी. ती दाराशी आली, आणि फटीतून बघून तिथेच थबकली.

आबा खुर्चीवरच होते. हनुवटी छातीवर टेकलेली, चष्मा मांडीवर, काठी घसरून जमिनीवर पडलेली. अठ्ठावीस वर्षांत एका रात्रीला ज्यांचा डोळा लागला नव्हता, ते तोंड किंचित उघडं ठेवून शांतपणे झोपले होते.

तिने दारातून हात लांब करून काठी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. इतक्या हलक्या बोटांनी, की त्यांचा श्वाससुद्धा हलला नाही. मग दार पुन्हा लावून घेतलं. आतमध्ये ती तशीच उभी राहिली. बाहेर उजळायला लागेपर्यंत थांबली. मग मोठ्याने खोकली आणि कडी चांगली दोनदा वाजवली.

बाहेर खुर्ची करकरली. काठी आपटली.

“कोण आहे?”

“मी आहे आबा.”

“पास?”

तिने दार हातभर उघडलं आणि दोन्ही तळवे पुढे केले. आबांनी चष्मा लावला. तळवे बघितले, उलटे करून बघितले, बोटांची पेरं एकेक करून बघितली. आणि खुर्ची बाजूला घेतली.

“जा,” ते म्हणाले.