हिलाल, एल.

लोटन पाटील सरांना धुळ्यात ‘मंगळवाले सर’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा हा माणूस मंगळ ग्रहावर काहीतरी लिहितो, एवढी कुणकुण लोकांना लागली होती. पुढचं लोकांनी स्वतःच ठरवून टाकलं. वर्षातून दोन-तीन बाप तरी मुलीची पत्रिका घेऊन दारात यायचे, ‘हिला कडक मंगळ आहे, काही उपाय सांगा’ म्हणून. सर त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. खरं सांगायचं तर त्यांना या लोकांचा रागही येत नसे, कारण मंगळाबद्दल बोलायला त्यांच्या घरी दुसरं येतंच कोण होतं? बायको, कमलबाई, काविळीने गेली त्याला आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कॉलेजातले सहकारी वेळापत्रकापलीकडे बोलत नसत.

सरांनी आयुष्यात एकच मोठा शोधनिबंध लिहिला. सोनगीरपासून दोंडाईच्यापर्यंतच्या पट्ट्यात काळ्या दगडाच्या भिंती आहेत. माणसाने बांधलेल्या नव्हेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत तापलेला रस चढला, गोठला, आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि भिंत तेवढी उभी राहिली. मैलोन्‌मैल, सरळ. अशा एकशे बारा भिंती सरांनी सायकलवर फिरून सात वर्षांत मोजल्या. मग यानांनी पाठवलेले मंगळाचे फोटो त्यांच्या पाहण्यात आले. त्यातही तशाच सरळ रेघा होत्या. सरांनी लिहिलं की त्या अशाच भिंती असाव्यात, आणि तिथे जमिनीखाली कधी पाणी वाहिलं असेल तर ते भिंतीच्या वरच्या अंगाला अडून राहिलेलं असणार.

हे शेवटचं वाक्य मात्र सरांचं नव्हतं. ते त्यांच्या वडिलांचं होतं.

हिलाल आबा सोनगीरच्या पुढे चार मैलांवरच्या गावात शेती करायचे. त्यांच्या शेताच्या कडेने अशीच एक भिंत गेली होती. लोटन आठ-नऊ वर्षांचा असताना आबांनी त्याला त्या भिंतीपाशी उभं केलं आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरून दाखवली. या बाजूला ओल, त्या बाजूला धूळ. “पानी भितले टेकीसन ऱ्हास,” आबा म्हणाले. “हीर खंदनी व्हई ते ह्याच आंगले खंद.” पंचक्रोशीतले लोक विहिरीची जागा आबांना विचारूनच ठरवायचे.

निबंध टाइप करायला दिला तेव्हा सरांनी शेवटी आभाराच्या चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यात आबांचं नाव होतं. गिरधर टायपिस्टने ती ओळ टाइपही केली. पण पाकीट बंद करायच्या आधी सरांचा हात थांबला. परदेशातलं मासिक, तिथले एवढे मोठे विद्वान, आणि त्यात अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याचे आभार? हसतील. सरांनी ते पान पुन्हा टाइप करून घेतलं आणि आबांच्या जागी प्राचार्यांचे आभार मानले. प्राचार्यांनी या कामासाठी एवढंच केलं होतं की सायकल स्टँडवर ठेवा, व्हरांड्यात नको, असं दोनदा बजावलं होतं.

ब्याऐंशी साली निबंध छापून आला. मासिकाने वीस प्रती पाठवल्या. त्यातली एक सरांनी गावी नेऊन दिली. आबांनी पानं उलटली, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हाई ते आपली भित!” मग त्यांनी ती प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि त्या दिवसापासून दर खेपेला एकच प्रश्न विचारायला लागले, “कोनी वाचं का रे ते तुनं?”

आता हे कळायचं कसं? त्याचीही सोय असते. जगात कोणाच्या लेखाचा दाखला कोणी कुठे दिला, याची मोठमोठी पुस्तकं निघतात. नावांच्या अकारविल्हे याद्या, अक्षर मुंगीएवढं. ती पुस्तकं पुण्याच्या एका संस्थेत होती. सत्याऐंशी साली सर मुद्दाम रजा टाकून तिथे गेले आणि ‘पाटील’ या नावाखाली दिवसभर शोधत बसले. पाटील तर भरमसाट होते. हृदयाच्या झडपांचे पाटील, कपाशीवरच्या अळीचे पाटील, साखरेचे पाटील. त्यांतल्या एकाचाही मंगळाशी संबंध नव्हता. सरांनी पाच वर्षांचे खंड दोनदा पाहिले. मग चष्मा पुसला आणि एस.टी. धरली.

गावी आबांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “नही आबा. कोनीच नही.”

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “भित ते शे ना.” भिंत तर जागेवर आहे, कोणी वाचो न वाचो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी आबा वारले. सरांनी त्यानंतर काही लिहिलं नाही.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात कॉलेजला कॉम्प्युटर यायचे ठरले. त्यांना खोली हवी, तीही पंख्याची, आणि तशी एकच होती, सरांनी भिंतींचे दगड ठेवले होते ती. पंख्याची खोली दगडांना कशाला, असं नव्या प्राचार्यांचं म्हणणं पडलं, आणि ते अगदीच चुकीचं होतं असं नाही. सरांना सोमवारपर्यंतची मुदत मिळाली. एकशे बारा भिंतींचे एकशे बारा तुकडे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. सरांनी ठरवलं, ट्रॉली बोलवायची आणि पांझरेच्या पात्रात ओतून यायचं. जे कोणी वाचलं नाही त्याचे पुरावे जपून कोणाला दाखवायचे? हे ठरवताना त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसतं रिकामं वाटलं.

ऑफिसातला अभिमन कारकून मदतीला आला होता. त्याच महिन्यात तो रिटायर व्हायचा होता आणि स्वतःचंही कपाट आवरत होता. दुपारी तो सुतळीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आला.

“सर, तुम्ही जुने आहात म्हणून विचारतो. हे हिलाल डॉक्टर कोण हो?”

“कोण हिलाल?”

“तेच तर. दहा-अकरा वर्षं झाली, बाहेरच्या देशांतून यांच्या नावाची कार्डं यायची. कॉलेजात असा माणूस नाही. सिव्हिल हॉस्पिटलात विचारलं, तिथंही नाही. टपाल फेकून कसं द्यायचं, म्हणून ठेवलं.” मग जरा चाचरत म्हणाला, “तिकिटं तेवढी काढून घेतली. नातवाला नाद आहे.”

सरांनी गठ्ठा सोडला. एकतीस कार्डं होती. तिकिटांच्या जागी चौकोनी भोकं. मजकूर बहुतेकांवर इंग्रजीत छापीलच, अभिमनने पत्त्यापुढे कधी वाचला नसावा: प्रिय डॉ. हिलाल, आपल्या निबंधाची एक प्रत पाठवल्यास आभारी होईन. निबंधाचं नाव खाली टाइप केलेलं. भिंती, पाणी, मंगळ.

सर स्टुलावर बसले. त्यांच्या गावात दहातली नऊ घरं पाटलांची. तिथे पाटील म्हणून हाक मारली तर अख्खी गल्ली ओ देईल, म्हणून आडनाव कोणी उच्चारतच नाही. माणूस ओळखायचा तो बापाच्या नावावरून. लोटन कोणता, तर लोटन हिलाल. निबंधावर नाव घालताना सरांनी सवयीने तेच घातलं होतं, आणि पुण्यात ‘पाटील’ शोधताना ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि तिकडच्या लोकांनी त्यांच्या सवयीप्रमाणे शेवटचा शब्द आडनाव धरला. कॉलेजच्या मस्टरवर मात्र एल. एच. पाटील. बिचाऱ्या अभिमनला ‘एच’ म्हणजे काय, हे कधी कोणी सांगितलं होतं?

ट्रॉलीचा विचार बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने सर पुन्हा पुण्याला गेले. तीच संस्था, तेच कपाट. या वेळी त्यांनी ‘एच’ उघडला. दहा वर्षांच्या खंडांत मिळून सतरा नोंदी होत्या. प्रत्येक खंडात वर जाड अक्षरांत हिलाल, एल., आणि खाली दाखला देणाऱ्यांची नावं, गावं. अ‍ॅरिझोना, मॉस्को, टोकियो, हवाई. सरांनी त्यातले जे लेख तिथे मिळाले ते काढून पाहिले. कोणालाही त्या एकशे बारा भिंतींच्या मोजमापांचं पडलेलं नव्हतं. सगळ्यांनी उचललं होतं ते एकच वाक्य. पाणी भिंतीला अडून राहतं, असं हिलाल म्हणतो.

सरांनी सगळ्या पानांची झेरॉक्स काढली. संध्याकाळी लॉजवर बसून त्यांनी त्या पुस्तकवाल्यांना पत्रही लिहिलं: नाव चुकलं आहे, ‘पाटील, एल. एच.’ अशी दुरुस्ती व्हावी. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं आणि त्यावर स्वतःचं नाव नव्हतं, हे त्यांना फार लागलं होतं. मग पत्र वाचून पाहताना आभाराचं ते पान आठवलं, जे त्यांनी गिरधरकडून पुन्हा टाइप करून घेतलं होतं. पत्र खिशातच राहिलं.

तिथून ते धुळ्याला न उतरता थेट गावी गेले. आई, भिकुबाई, ओट्यावर तुरी पाखडत बसली होती. सर शेजारी बसले आणि म्हणाले, “माय, आबा इचारे ना, कोनी वाचं का म्हनीसन? वाचं, माय. सतरा जनस्नी वाचं.”

भिकुबाईने सूप खाली ठेवलं. सरांनी पानं उलगडून एकेक ओळ वाचली. माणसाचं नाव, गाव, साल, आणि दर वेळी शेवटी, “यानी लिखेल शे, हिलाल असं म्हनस.” सतराही वाचल्या.

“आनि तुनं नाव कोठे शे?” आईने विचारलं.

सरांनी ‘एल’ दाखवला. “हाई एक अक्षर मनं शे.”

“एकच?”

“एकच. माय, मी आबानं नाव काढी टाकेल व्हतं. माले लाज वाटनी व्हती.” हे बोलताना मात्र त्यांना रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस ओट्यावर आईशेजारी बसून रडला, आणि आबा गेल्यानंतर पाच वर्षांनी पहिल्यांदाच रडला.

भिकुबाईने कागद हातात घेतला, पदराच्या टोकाने तो पुसला, तसा तो स्वच्छच होता. बराच वेळ ती त्या अक्षरांकडे पाहत राहिली.

“ह्या बठ्ठा त्यास्नं नाव लेतस?”

“हां, माय.”

“मी ते सारा जलम कधी लिधं नही,” ती म्हणाली. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे तिने जन्मभर पाळलं होतं. “लेऊ दे त्यासले.” आणि कागद परत लोटनच्या हातात देऊन म्हणाली, “आखो एक डाव वाच.”