सातवी ओळ

वाचनालयाच्या दारातला फळा रोज सकाळी नऊला भरायचा, हा नियम ग्रंथपाल प्रियदर्शनी कांबळेने मार्चच्या बावीस तारखेला घातला आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत एकदाही मोडला नाही. जागतिक आरोग्य संघटना जगाचे सहा विभाग करते. तेच सहा तिने खडूने आखले होते : आफ्रिका, अमेरिका, पूर्व भूमध्य, युरोप, आग्नेय आशिया, पश्चिम प्रशांत. प्रत्येकापुढे कोरोनाचे रुग्ण आणि मृत्यू. दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय आकडा नाही. नाव कोणाचंच नाही.

गाव कुंडलपासून सहा किलोमीटरवर, पण माणसं लांबलांब पांगलेली. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या लालासाहेबांचा मुलगा राजवर्धन दुबईत क्रेन चालवायचा.

"मॅडम, दुबई कंच्या खान्यात?"

"पूर्व भूमध्य."

"आयला! तितं कवा गेली?"

"जिनिव्हाच्या आरोग्य संघटनेवाल्यांनी घातलीय."

"मग त्यास्नी कळवा, पोरगं हाय तितंच हाय म्हणावं."

सातवी ओळ तिची स्वतःची होती : आपलं गाव. मार्चमध्ये युरोपचे आकडे धावले, मग अमेरिकेचे, पावसाळ्यात आग्नेय आशियाचे, म्हणजे आपले. ऑगस्टमध्ये सांगली-मिरजेत खाट मिळेना. गावापुढे मात्र शून्यच राहिलं. वाचनालयाचे अध्यक्ष उदयसिंह यांनी वेशीवर स्वतःच्या फोटोसह फलक लावला : शून्य कोरोना गाव.

गुरुवारी, दहा सप्टेंबरला पहाटे त्यांचे थोरले भाऊ आप्पासाहेब घरीच वारले. चार दिवस ताप होता. मंगळवारी मिरजेत घशाचा नमुना दिला होता. अहवाल यायच्या आत माणूस गेला. उदयसिंहांनी हार्ट अटॅक सांगितला आणि दहापर्यंत अग्नी दिला. चाळीस माणसं होती. रक्षाविसर्जन शनिवारी सकाळी आठला, असा निरोप चार गावांत गेला.

शुक्रवारी आठ वाजता आप्पासाहेबांच्या पत्नी येसूबाई यांचा प्रियदर्शनीला फोन आला. "माज्या फोनवर विंग्रजीत कायतरी आलंय. तू वाचून दे. पर आत येऊ नगंस."

मिरजेत नमुना देताना आप्पासाहेबांचा फोन बंद पडला होता, म्हणून अर्जावर येसूबाईंचा नंबर घातला होता. प्रियदर्शनी पोहोचल्यावर येसूबाईंनी फोन कट्ट्यावर ठेवला आणि मागे सरून दाराशी उभ्या राहिल्या. प्रियदर्शनीने वाचलं. नाव, वय अडुसष्ट, पॉझिटिव्ह.

"काकी, कोरोनाच होता."

"च्याला चव न्हाई, च्याला चव न्हाई म्हणत हुतं. मी त्यांच्यावरच वरडले." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "उदयभावजींना सांगितलं, मेसेज आलाय. म्हणले, पुसून टाका. आन् उद्या तर चार गावची माणसं येत्यात."

"व्हय."

"मग लिही."

प्रियदर्शनीने मेसेजमधला नोंदणी क्रमांक घेऊन प्रयोगशाळेत फोन लावला. त्यांनी दुजोरा दिला. तालुक्याच्या आरोग्य कचेरीत सांगितलं गेलं की बाधितांची यादी शनिवारी दुपारी येईल. म्हणजे रक्षाविसर्जन उरकल्यावर. यादी आली की येसूबाईंनाही तपासायला गाडी पाठवू, एवढं तिने तिथल्या बाईंकडून कबूल करून घेतलं. मग सातव्या ओळीतलं शून्य पुसून लिहिलं : रुग्ण १, मृत्यू १. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

दहा मिनिटांत उदयसिंह आले. बरोबर त्यांचा चुलतभाऊ नाथाजी.

"कुणाला इचारून लिवलं?"

"नाव न्हाई लिहिलेलं, अध्यक्ष."

"गावात मयत एकच झालंय. नाव कशाला लागतंय?" त्यांनी ओल्या फडक्याने सातवी ओळ पुसली.

प्रियदर्शनीने ती पुन्हा लिहिली.

नाथाजी म्हणाला, "आमच्या घरचं मयत आता ह्यांनी मोजायचं?"

ह्यांनी म्हणजे कोणी, ते सगळ्यांना कळलं. तिलाही.

"सहा म्हैनं आफ्रिका मोजतीय, अमेरिका मोजतीय. तवा कोण मोजतंय ते कुणी इचारलं न्हाई, नाथाजीराव."

उदयसिंहांनी ओळ परत पुसली. तिने परत लिहिली. एवढ्यात अंगावरच्या पिठासकट लालासाहेब गिरणीतून आले आणि सहा पावलांवर थांबले.

"मॅडम, मी काल खांदा दिलाय. खरं काय ते सांगा."

"हार्ट हुतं," उदयसिंह म्हणाले.

"तुला न्हाई इचारलं गड्या."

"दादा, आज कुणात मिसळू नका," प्रियदर्शनी म्हणाली. "उद्या दुपारी आरोग्याची गाडी येणार हाय. तपासून घ्या. खांदा दिलेल्या चौघांनीबी."

लालासाहेबांनी गिरणीचं दार ओढून कडी घातली. दळणाच्या रांगेतल्या बायका आपापले डबे उचलून निघाल्या.

उदयसिंहांचा आवाज चढला. "किल्ल्या ठेव. उद्यापासनं यायचं न्हाई."

तिने किल्ल्या पायरीवर ठेवल्या. "वाचनालय तुमचं. फळा भाईर हाय, त्याला किल्ली लागत न्हाई."

त्यांनी खडूची पेटी उचलून नाथाजीकडे दिली आणि ओळ तिसऱ्यांदा पुसली. प्रियदर्शनी घरी गेली, भाचीच्या दप्तरातला खडू घेऊन आली आणि ओळ चौथ्यांदा लिहिली. मग फळ्याशेजारी खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसली. गावातून कोणी ना कोणी येत राहिलं, लांबूनच वाचत राहिलं. पुन्हा पुसायला कोणी आलं नाही.

पण बाहेरच्या गावांना फळा दिसत नव्हता. त्यांना फोन उदयसिंहांनीच करायचा होता, आणि त्यांनी केला नाही.

शनिवारी पावणेआठला पहिली जीप आळीत शिरली. मागे आणखी दोन. माणसं उतरायला लागली तशा येसूबाई कट्ट्यावर आल्या. तोंडावर पदर घट्ट बांधलेला.

"उतरू नगा! मालकास्नी कोरोना हुता. मलाबी राती ताप आलाय."

"वैनी, आत चला," उदयसिंह खालून म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणूं द्यात. म्हणायला जगूं द्यात की आदी."

उतरलेले दोघे पुन्हा जीपमध्ये चढले. आळी अरुंद, गाड्या एकेक करून मागे घ्याव्या लागल्या. शेवटच्या जीपमधल्या म्हाताऱ्याने मान बाहेर काढून विचारलं, "आन् रक्षेचं कसं, येसूबाई?"

"राख काय पळून चालली न्हाई. मी बरी झाले की सांगावा धाडते. तवा या. समदी या."