हिरवी खूण

"बघा ताई, सगळं जसंच्या तसं परत आलं!" ल्युबेननं खुर्ची मागे सरकवली. वाचनालयाच्या मेलेल्या संगणकात नवी डिस्क घालून त्यानं जुन्या बॅकअपवरून तो उठवला होता. पडद्यावर तोच डोंगराचा फोटो झळकला. स्तोयान्कानं घाईघाईनं गाण्यांचं फोल्डर शोधलं. फोल्डर नव्हतंच.

"ल्युबेन, गाणी कुठायत?"

"असतील की. जातायत कुठे?" तो शोधत राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "ताई, हा बॅकअप नुसत्या लिनक्सचा आहे. संगणक परत उभा करण्यापुरता. तुमच्या फायली तो आपणहून घेत नाही, सांगावं लागतं."

रोडोपी डोंगरातल्या त्या गावात वाचनालय म्हणजे पुस्तकं, नाच, गाणी सगळं एकाच छपराखाली, आणि ते स्तोयान्का एकटी सांभाळायची. म्हाताऱ्या बायकांच्या हातापाया पडून तिनं त्यांची गाणी रेकॉर्ड केली होती. गिनाआजीचं कापणीचं गाणं तर दुसऱ्या कुणाला येत नाही असंच सगळे म्हणत. गिनाआजी गेल्या हिवाळ्यात वारली होती.

"अरे, दर वेळी हिरवी खूण यायची! बॅकअप पूर्ण, म्हणायचं मेलं. त्याच भरवशावर मी रेकॉर्डरचं कार्ड पुसत राहिले."

"खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, वैयक्तिक फायली वगळल्यात म्हणून."

"म्हणजे थाप ठळक आणि खरं काय ते बारीक? हे बरंय!"

"थाप कसली? वापरणाऱ्यानं बघायला नको? एकदा तरी बॅकअप उघडून बघितलात?"

नव्हता बघितला. ते तिला झोंबलं, आणि झोंबलं म्हणूनच ती उसळली. "आणि तू रे? तूच विचारलंस ना बसवताना, तुमच्या फायली पण घेऊ का? मी हो म्हटलं!"

"कुठे हो म्हटलंत? तुम्ही मान हलवलीत. अशी." त्यानं मान डावीउजवीकडे हलवून दाखवली.

"मग? आपल्याकडे तेच हो ना! नाही म्हणायचं असतं तर मान वरखाली केली असती!"

ल्युबेनची मान तशीच एका बाजूला थांबली. वीस वर्षं त्यानं जर्मनीत काढली होती, आणि तिथे तशी मान हलवली की सरळ नाही.

"अरे देवा," तो पुटपुटला. "आईच्या हातची चव लक्षात राहिली, गावच्या शिव्या लक्षात राहिल्या, आणि हो-नाही तेवढं विसरलो."

स्तोयान्काला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती डोळे पुसायला लागली. "मी तरी कुठली शहाणी! देवानं तोंड दिलंय, ते कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा घरोघर फिरली. बायकांनी मनसोक्त टोमणे मारले. "तुझं यंत्र आमच्याहून म्हातारं दिसतंय गं, सगळंच विसरतं!" पण आल्या, बसल्या, गायल्या. सगळ्या निघून गेल्यावर गिनाआजीची सून रूसा दाराशी घुटमळत उभी राहिली.

"सासूबाईंचं कापणीचं गाणं... मला येतं. शेळ्यांच्या धारा काढताना म्हणायच्या त्या. माझा आवाज हा असा फाटका, म्हणून कधी बोलले नाही."

"आधी आत ये आणि बस बघू."

आवाज खरंच फाटका होता. गाणं मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत आलं. स्तोयान्काला मध्येच गिनाआजीचा श्वास घेण्याचा ढंग ऐकू आला आणि तिला भरून आलं.

आता ती हिरव्या खुणेवर जात नसे. बॅकअपची डिस्क शाळेच्या संगणकाला जोडायची, एकेक गाणं लावायची, कान देऊन ऐकायची, आणि मगच कार्ड पुसायची. ल्युबेननंही बारीक अक्षरांतलं ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून पडद्याच्या वर चिकटवलं.

शेवटचं सगळं जुळवताना तो थबकला. "रूसाचं फोल्डर घेतलं. पण हे गिनाआजीच्या नावाचं? हे रिकामंच आहे."

"माहितीये. मीच केलंय."

"आत काहीच नाही, ताई. तरी घ्यायचं?"

स्तोयान्कानं मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी हनुवटी घट्ट धरली.

"हो," ती म्हणाली. "घ्यायचं."